आइस्क्रीमचा कारखाना आणि बालाघाटचें सीताफळ

दख्खनच्या पठारावर बर्फ पडत नाहीं. वैशाखांत एखादे दिवशीं आभाळ भरून येतें, गारा पडतात, मुलें त्या अंगणांत धांवून वेंचतात, आणि तोंडांत टाकीपर्यंत त्यांचें पाणी होतें. निसर्गानें या प्रदेशास दिलेली थंडी ती एवढीच. बाकीची सर्व थंडी मनुष्यानें दुरून आणलेली किंवा युक्तीनें निर्माण केलेली आहे. म्हणून आइस्क्रीम हा पदार्थ वरवर पाहतां मुलांच्या हट्टाचा असला, तरी त्याच्या पाठीमागें व्यापाराचा, यंत्रांचा आणि मनुष्याच्या कारागिरीचा मोठा इतिहास उभा आहे. गेल्या चाळीस वर्षांत मुंबईंत एका फळविक्याच्या मुलानें या पदार्थाचा जो उद्योग वाढविला, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ती केवळ एका दुकानदाराच्या भरभराटीची गोष्ट असती, तर तीसाठीं या मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु रेणापूर, लातूर, अंबाजोगाई या भागांत राहणाऱ्या आम्हां लोकांस तींतून एक निकडीचा प्रश्न ऐकूं येतो, आणि त्याचा विचार करण्याचें टाळूं नये असें आम्हांस वाटतें.

थंडीची हौस आपल्याकडे जुनी आहे. अकबराच्या दरबारीं सोऱ्याच्या साह्यानें पाणी गार करीत, आणि दरबार लाहोरास असतां उत्तरेच्या पर्वतांतून बर्फ आणवीत, असें 'आइने-अकबरी'वरून दिसतें. 'कुल्फी' हा शब्द फारसींतून आलेला आहे. आटविलेलें दूध साच्यांत भरून बर्फमिठांत पुरून ठेवावयाचें, ही तिची रीत. हें सर्व बादशाही वैभव होतें, आणि सामान्य रयतेच्या कपाळीं मडक्यांतलें पाणीच होतें.

पुढें बर्फ साता समुद्रांपलीकडून येऊं लागला. बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें अमेरिकेंतील तळ्यांवर हिवाळ्यांत गोठणारा बर्फ कापून तो लांकडाच्या भुशांत बांधला आणि १८३३ सालीं 'टस्कनी' नांवाच्या जहाजानें कलकत्त्यास पाठविला. सुमारें १८० टन बर्फ निघाला होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील शंभर टनांच्या आसपास कलकत्त्याच्या धक्क्यावर सुखरूप उतरला. लवकरच मुंबईसही ही आवक सुरू झाली, आणि बर्फ सांठविण्याकरितां तेथें गोदीजवळ एक बर्फघर उभें राहिलें. मद्रासेंतील अशाच बर्फघराची इमारत विवेकानंदांच्या नांवानें अद्यापि उभी आहे. त्याच सुमारास जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम वाढलें. ही मुंबईंतील या पदार्थाची पहिली गाजलेली पंगत होय. यजमान व पाहुणे यांस त्यामुळें पडसें झालें, आणि असल्या परदेशी चैनीला हें योग्यच प्रायश्चित्त मिळालें, असा शेरा 'मुंबई समाचार'नें मारल्याचें सांगतात. नव्या पदार्थाचें स्वागत आपल्या समाजांत नेहमीं असेंच होत आलेलें आहे!

नुसता बर्फ मिळाल्यानें आइस्क्रीम होत नाहीं. दूध गोठविण्यास बर्फाची स्वतःची थंडी पुरत नाहीं. बर्फांत मीठ मिसळलें म्हणजे तो वितळूं लागतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता आजूबाजूच्या पदार्थांतून शोषून घेतो. त्यामुळें मिश्रणाचें उष्णमान शून्याखालीं सुमारें एकवीस अंशांपर्यंत उतरूं शकतें. अशा मिश्रणानें भरलेल्या लांकडी पिंपांत धातूचा डबा ठेवून त्यांतील दूध फिरत्या पात्यांनीं सतत खरवडीत राहावयाचें, म्हणजे बर्फाचे कण बारीक राहतात व पदार्थ जिभेला मऊ लागतो. हाच आपला 'संचा'. हातानें फिरविण्याच्या अशा यंत्राचें पेटंट १८४३ सालीं अमेरिकेंतील नॅन्सी जॉन्सन या बाईनें घेतलें, आणि १८५१ मध्यें बाल्टिमोरच्या जेकब फसेल यानें आइस्क्रीमचा पहिला घाऊक कारखाना काढला. म्हणजे घरगुती कारागिरी आणि कारखानदारी या दोन वाटा या धंद्यांत अवघ्या आठ वर्षांच्या अंतरानें फुटल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रानें बर्फ तयार होऊं लागला, आणि बोस्टनच्या बर्फाचा व्यापार बुडाला. थंडी स्वस्त झाली. यात्रेंत घंटा वाजवीत येणारा गारीगारवाला, रंगीत पाक ओतलेला बर्फाचा गोळा, लग्नसराईंतला संचा, हीं सर्व त्या स्वस्ताईचीं लेकरें होत. परंतु थंडी स्वस्त झाल्याबरोबर या धंद्यांत एक नवीनच माल विकला जाऊं लागला. तो माल म्हणजे हवा. यंत्रानें दूध घुसळतांना त्यांत जितकी हवा मिसळावी तितका पदार्थ फुगतो, आणि आइस्क्रीम विकलें जातें तें वजनावर नव्हे, तर मापावर. एक लिटर आइस्क्रीमचें वजन निदान ५२५ ग्रॅम भरलें पाहिजे, आणि त्यांत दुधाची स्निग्धता शेंकडा दहा तरी असली पाहिजे, असा आपल्या देशांतील अन्नसुरक्षेचा नियम आहे. याचा सरळ अर्थ असा कीं, लिटरभर भांड्यांत जवळजवळ निम्मी हवा असली, तरी कायद्याची हरकत नाहीं. हवेबरोबर कृत्रिम रंग आले, सुवास आले, आणि 'स्ट्रॉबेरी' या नांवाखालीं स्ट्रॉबेरीचें तोंडही न पाहिलेला गुलाबी पदार्थ आपण मुलांस कौतुकानें भरवूं लागलों.

या पार्श्वभूमीवर रघुनंदन कामत यांची कामगिरी पाहिली पाहिजे. कामत मूळचे दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील मुल्की गांवचे, आणि त्यांचे वडील फळें विकीत. मोठ्या कुटुंबांतील हा धाकटा मुलगा शाळेंत फारसा रमला नाहीं. लहान वयांतच तो मुंबईस भावाकडे आला आणि त्याच्या उपाहारगृहांत राबूं लागला. तेथें आइस्क्रीमही विकलें जाई. ह्या मुलाच्या मनांत असें आलें कीं, आइस्क्रीमला फळाची चव आणावयाची, तर त्यांत फळाचा सुवास कशाला, फळच कां घालूं नये? शहाण्या माणसास हा प्रश्न बाळबोध वाटेल. परंतु पुष्कळ मोठे उद्योग अशाच बाळबोध प्रश्नांतून निघालेले आहेत, आणि त्याचें उत्तर देण्यास सारी उमर खर्चीं पडते, तेव्हां त्या प्रश्नाची खरी अवघडता कळून येते.

दिनांक १४ फेब्रुवारी १९८४ रोजीं जुहू येथें कामतांनीं आपलें लहानसें दुकान उघडलें आणि त्यास 'नॅचरल' असें नांव दिलें. त्या वेळीं आइस्क्रीम ही हॉटेलांतील जेवणानंतरची चैन होती, आणि केवळ आइस्क्रीमसाठीं लोक दुकानाची पायरी चढतील असा भरंवसा नव्हता. म्हणून आरंभीं त्यांनीं पावभाजीही ठेवली. तिखट पावभाजी खाऊन तोंड पोळलें म्हणजे गिऱ्हाईक आपोआप गोड व गार मागेल, हा त्यांतील हिशेब. हिशेब बरोबर ठरला. पुढें लोक आइस्क्रीमसाठींच येऊं लागले, आणि पावभाजी बंद झाली. सीताफळ, आंबा, स्ट्रॉबेरी, काजू-द्राक्ष अशा थोड्या प्रकारांनीं आरंभ झाला. शहाळें, फणस, जांभूळ, लिची हीं त्यांत मागाहून येत गेलीं. दूध, साखर आणि फळ, एवढीच सामग्री, हें त्यांनीं ब्रीद ठरविलें.

हें ब्रीद एका दुकानापुरतें पाळणें सोपें आहे, परंतु शंभर दुकानांत पाळणें ही निराळी गोष्ट होय. हाताच्या कारागिरीचा धंदा वाढविण्याच्या आड तीन अडचणी येतात, आणि त्या जगांतील प्रत्येक कारागिरास ठाऊक आहेत. पहिली अडचण डोळ्याची. कोणतें फळ आज पिकलें, कोणतें उद्यां पिकेल आणि कोणतें कधींच धड पिकणार नाहीं, हें ओळखणारी नजर पगार देऊन एका दिवसांत मिळत नाहीं. दुसरी अडचण हाताची. सीताफळांतील बिया काढणें, शहाळ्याची कोंवळी मलई खरवडणें, फणसाचे गरे सोलणें हीं कामें किती माणसें, किती वेळ करणार? तिसरी अडचण काळाची. ज्यांत टिकाऊपणाची औषधें नाहींत, तो पदार्थ फार दिवस दम धरीत नाहीं.

पहिल्या अडचणीस कामतांचें उत्तर त्यांच्या बाळपणांतच तयार झालें होतें. फळविक्याच्या घरीं मूल वर्णमालेबरोबरच फळाची पारख शिकतें. शाळेनें ज्यास नापसंत केलें, त्यास बापाच्या टोपलीनें पदवी दिली होती. दुसऱ्या अडचणीवर त्यांनीं स्वतः यंत्रें करवून घेतलीं. सीताफळाचा गर बियांपासून वेगळा करण्याचें किंवा शहाळें खरवडण्याचें यंत्र बाजारांत तयार मिळत नव्हतें. परदेशांतील यंत्रकारांस हीं फळेंच ठाऊक नव्हतीं, मग यंत्र कोठून असणार! तेव्हां गरजेप्रमाणें यंत्रें घडवावीं लागलीं. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, यंत्राकडे गेले ते कष्ट, पारख नव्हे. फळाची निवड माणसाच्या हातीं राहिली, आणि मनगट दुखविणारें काम लोखंडानें उचललें. यंत्र आणि कारागिरी यांचें हाडवैर आहे असें मानणाऱ्या पंडितांनीं हें उदाहरण अवश्य पाहावें.

तिसऱ्या अडचणीचें उत्तर सर्वांत महत्त्वाचें आहे. १९९४ च्या सुमारास शाखा वाढूं लागल्या. पुढें बाहेरच्या लोकांसही दुकानें चालविण्यास दिलीं, परंतु आइस्क्रीम करण्याचा अधिकार दिला नाहीं. माल कांदिवलीस चारकोप येथील कारखान्यांत तयार व्हावयाचा आणि तेथून निरनिराळ्या शहरांतील दुकानांस जावयाचा, अशी घडी बसली. चूल एक आणि पंगती अनेक, असें या व्यवस्थेचें वर्णन करतां येईल. ज्यांनीं दुकानांबरोबर चुलीही वाढविल्या, त्यांची चव गांवोगांव बदलत गेली, ही आपल्याकडील कितीतरी नामांकित मिठाईवाल्यांची कहाणी आहे.

ही वाढ झाली तो काळही अनुकूल नव्हता. आइस्क्रीमचा धंदा पूर्वीं लहान उद्योगांसाठीं राखून ठेवलेला होता, आणि १९९७ सालीं तें संरक्षण काढून घेण्यांत आलें. त्याच्या आदल्याच वर्षीं गुजराथच्या सहकारी दूधसंघानें 'अमूल' आइस्क्रीम बाजारांत आणलें होतें, आणि परदेशी भांडवलाच्या कंपन्याही सरसावल्या होत्या. स्वस्त थंडी व स्वस्त हवा यांच्या शर्यतींत लहान कारखानदार सहज चिरडला गेला असता. जे तगले, ते मोठ्यांचें अनुकरण करून तगले नाहींत. मोठ्यांना जें करणें परवडत नाहीं, तेंच करून ते तगले. लाखों लिटरांचा कारखाना फळाच्या ऋतूची वाट पाहत बसूं शकत नाहीं, परंतु फळाचाच व्यापारी पाहूं शकतो. १७ मे २०२४ रोजीं, सत्तर वर्षांच्या सुमारास, कामत निवर्तले. त्या वेळीं देशांत 'नॅचरल'चीं दीडशेंहून अधिक दुकानें होतीं.

या हकीकतीचें तात्पर्य आमच्या मतें असें आहे. या उद्योगाची वाढ बर्फावर झाली नाहीं, फळावर झाली. थंडी आज कोणालाही विकत घेतां येते. विकत घेतां येत नाहीं ती पारख. आणि ही गोष्ट एकदां मान्य केली, म्हणजे आमच्या रेणापूरकडील माणसाची नजर आपोआप बालाघाटाच्या डोंगराकडे वळते.

बालाघाटाच्या रांगा बीड जिल्ह्यांतून लातुराकडे उतरत येतात. या मुरमाड, निवडुंगी जमिनींत सीताफळ कोणी न लावतां, कोणी पाणी न घालतां वाढतें. वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाचें मूळ अमेरिकेंत मानतात, परंतु या डोंगरानें त्यास असें आपलेंसें केलें आहे कीं, दोघांची ओळख आतां वेगळी काढतां येणार नाहीं. शेळ्या त्याच्या पानांस तोंड लावीत नाहींत. पावसाच्या ओढीनें तें सहसा मरत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोळे उघडलेलीं सीताफळें पाट्यांत भरून बायामुलें रस्त्याच्या कडेस बसतात. २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालें, म्हणजे त्याच्या गुणावर सरकारी मोहोर उठली.

परंतु या फळाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. झाडावरून उतरलें कीं दोन-तीन दिवसांत तें पिकतें, आणि पिकलें कीं टिकत नाहीं. आंब्याप्रमाणें त्याचा आटवून गोळा करावा म्हटलें, तर तेंही साधत नाहीं. गर तापविला कीं कडवटपणा येतो, आणि उघडा राहिला कीं काळवंडतो. विस्तव त्यास मानवत नाहीं. मानवतें ती थंडी. ज्या फळाचा मुरंबा होत नाहीं, त्याचें आइस्क्रीम मात्र उत्तम होतें. मुंबईच्या दुकानांत सीताफळाचें आइस्क्रीम इतकें लोकप्रिय व्हावें, याचें निम्मे श्रेय कारागिराचें असलें, तरी निम्मे फळाच्या या स्वभावाचें आहे. आणि म्हणूनच आमच्या डोंगराखालीं थंडीची सोय नसल्यानें होणारें नुकसान दुप्पट आहे. पाटीवाल्या बाईस संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावानें माल काढावा लागतो, कारण उद्यां तो माल राहणार नाहीं. तिच्याशीं घासाघीस करणारें गिऱ्हाईक खरोखर तिच्याशीं भांडत नसतें. तें घड्याळाच्या कांट्याचा फायदा घेत असतें.

आतां आइस्क्रीमची सामग्री एकदां पुन्हां मोजूं : दूध, साखर, फळ. दुधासाठीं आमच्या जिल्ह्यानें देवणी ही नांवाजलेली गाय देशास दिली. उदगीरला दुधाची भुकटी करण्याचा सरकारी प्रकल्प होता, तो पुढें बंद पडला. साखरेसाठीं रेणापूर तालुक्यांतच रेणा सहकारी साखर कारखाना आहे. फळ डोंगरावर आहे. म्हणजे तिन्ही वस्तु एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यांत आहेत, आणि तरीही त्या एका भांड्यांत एकत्र येण्यासाठीं आधीं पुण्यामुंबईस जातात. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९० च्या सुमारास आपल्या औद्योगिक लेखांत जें दुःख मांडलें, तें हेंच होतें. कच्चा माल आपण पिकवावा, तो परमुलखीं जावा, आणि पक्का होऊन आपल्याकडे विकत यावा, ही ती रीत. त्या वेळीं परमुलूख म्हणजे इंग्लंड होतें. आज तो परमुलूख आगगाडीच्या एका रात्रीच्या अंतरावर आहे, एवढाच फरक.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्यानें आइस्क्रीमच्या गोष्टी कराव्या काय? पहिल्या गाडींत पन्नास-पन्नास हजार लिटरांच्या दहा टाक्या होत्या, ती आठवण आमच्या भागांत कोणीही विसरलेला नाहीं. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचें उत्तर हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. परंतु आमचें म्हणणें त्या आठवणीच्या विरुद्ध नसून तींतूनच निघालेलें आहे. बारा महिने पाणी पिणारा ऊंस आम्हीं मोठ्या हौसेनें लाविला, त्यासाठीं कारखाने उभारिले, कर्जें काढलीं, विहिरी खोल केल्या. आणि जें झाड पाणी मागतच नाहीं, त्याच्या फळासाठीं एक शीतगृह उभारण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. कोरड्या मुलखाची संपत्ति कोरड्या जमिनींत येणाऱ्या पिकांतच शोधली पाहिजे, हें सांगण्यास अर्थशास्त्राची मोठी पदवी नको.

मुंबईसारखाच कारखाना उद्यां रेणापुरास निघावा, असें आम्ही म्हणत नाहीं. आइस्क्रीमची मोठी पंगत शहरांतच बसणार. परंतु पंगत शहरांत आहे म्हणून चूलही शहरांतच असली पाहिजे, असा नियम नाहीं. सीताफळाचा गर काढून तो गोठवून ठेवण्याचें काम डोंगराच्या पायथ्याशीं होऊं शकतें. त्यास लागतें तें एक लहान शीतगृह, अखंड वीज, स्वच्छ हात आणि फळ ओळखणारी नजर. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी येथें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाटी घेऊन बसणाऱ्या त्या बाईस, कोणत्या सीताफळाचा डोळा केव्हां उघडेल हें जितकें कळतें, तितकें मुंबईच्या कोणत्याही व्यवस्थापकास कळत नसेल. फळविक्याच्या मुलाची पारख शंभर दुकानांचा पाया होऊं शकते, हें आपण पाहिलें. तर मग फळ वेंचणाऱ्या बाईच्या पारखेची किंमत दिवसअखेरच्या पडेल भावानें कां व्हावी?

गांवच्या सहकारी संस्था, बायकांचे बचतगट, आणि शेतकीच्या पदव्या घेऊन शहरांत नोकऱ्या शोधणारे आमचे विद्यार्थी, यांपैकीं कोणींतरी हा प्रश्न मनावर घ्यावा. बोस्टनच्या व्यापाऱ्यानें बर्फ भुशांत बांधून चार महिन्यांच्या समुद्रावर घातला, तेव्हां लोकांनीं त्यास वेड्यांत काढलें होतें. त्या मानानें बालाघाटाच्या पायथ्याशीं एक शीतगृह उभें करणें फार मोठें साहस नव्हे. दिवाळीच्या आंत तें उभें राहिलें, तर त्या वर्षींच्या पाट्या संध्याकाळच्या भावाची वाट पाहणार नाहींत.